अस्सल की घडवलेले?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान घोषित केले. पाइप ऑर्गनचा परंपरागत मान त्यात अबाधित राहिला; मात्र उपासनेच्या पावित्र्याला शोभतील अशी अन्य वाद्येही योग्य संमतीने वापरण्यास वाट मोकळी झाली. पुढे अनेक धर्मग्रामांच्या गायकवृंदांत गिटार आली आणि तिच्या पाठोपाठ चार जाड तारांची, खर्जात बोलणारी बेस गिटारही आली. तिच्याबरोबर एक व्यावहारिक प्रश्नही आला. रत्नागिरीसारख्या किनारी गावात, कुटुंबांनी दिलेल्या वर्गणीतून वाद्य घ्यायचे, तर स्वस्तातले घेऊन त्यात सुधारणा कराव्यात, की थांबून, पैसे साठवून नामांकित अस्सल वाद्यच घ्यावे? हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. आपल्या संगीताच्या इतिहासाने तो पूर्वीच हाताळलेला आहे.

पहिला दाखला आंब्याच्या घाटापलीकडचा, मिरजेचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार मंडळींचा शस्त्रे घडविण्याचा व त्यांना धार लावण्याचा पिढीजात व्यवसाय ओसरू लागला होता. त्यांच्यापैकी फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांकडे आपले कसब वळविले. पंढरपूरच्या परिसरातील भोपळा आणि धातुकाम जाणणारा हात यांच्या मिलाफातून मिरजेचा तंबोरा व सतार जन्मास आली. आज मिरजेचे वाद्य म्हणजेच अस्सल, असे गवई मानतात. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. म्हणजे अस्सलपणा हा केवळ जन्मस्थानाचा नसतो. तो जाणत्या हाताने हळूहळू कमावलेला असतो.

दुसरा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाच्या पेटीचा. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी घेतले. ते वाद्य पायांनी भाता चालवून, खुर्चीवर बसून, दोन्ही हातांनी वाजवायचे. मिशनरींबरोबर ते हिंदुस्थानात आले. परंतु येथला वादक जमिनीवर मांडी घालून बसणारा आणि येथले गाणे एका सुरावलीचे. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात तिचा भाता मागच्या बाजूस आणून हाताने चालणारी पेटी बनविली. एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. ती हलकी झाली, स्वस्त झाली आणि भजनी मंडळांपासून चर्चच्या गायकवृंदापर्यंत पोचली. हा बदल यशस्वी झाला, कारण त्याने वाद्याच्या स्वभावाला हात घातला नाही. फक्त ते आपल्या बैठकीला जुळवून घेतले.

स्वभावालाच हात घातला तर काय होते, हे तिसऱ्या दाखल्यात दिसते. पेटीचे बारा स्वर ठरीव असतात. तिच्यातून मींड निघत नाही आणि आपल्या रागांतील सूक्ष्म श्रुती तिच्यात मावत नाहीत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून १९१० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साहाय्याने त्या गणिताप्रमाणे श्रुती-हार्मोनियम तयार करविण्यात आली. ती लंडनच्या कारखान्यात बनली. म्हणजे खर्चात वा कारागिरीत कसूर नव्हती. तथापि १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत जमलेल्या जाणकारांचे तिने समाधान झाले नाही. वाहता सूर खुंट्याला बांधण्याचा तो प्रयत्न होता. पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. साधी पेटी मात्र त्या काळातही घरोघर वाजतच राहिली.

आता बेस गिटारीकडे वळू. जिला आज आपण अस्सल म्हणतो, ती लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस १९५१ ची. फेंडर हे मूळचे कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. उभ्या अवजड डबल बेसच्या जागी त्यांनी खांद्याला अडकविता येईल असे वाद्य दिले आणि त्याच्या मानेवर धातूचे पडदे बसविले, जेणेकरून सूर नेमका लागावा. तीही एक सुधारणाच होती. पुढे १९८२ मध्ये त्याच कंपनीने स्क्वायर या नावाने स्वस्त वाद्ये बाजारात आणली. तेव्हा स्वस्त आणि अस्सल यांच्यातली भिंत आपण समजतो तितकी उंच नाही.

तरीही ती आहे, आणि ती कोठे आहे हे ओळखले पाहिजे. स्वस्त बेसच्या तारा बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, वरखाली झालेले पडदे घासून एका पातळीत आणता येतात, घोडीची उंची जुळविता येते. आवाज उचलणारे चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे बदलता येते. आतून तांब्याचा पत्रा लावून घरघर कमी करता येते. ही सर्व घोषबाबूंच्या जातीची कामे. पण मान पिळवटलेली असेल, तर मानेतील लोखंडी गज कितीही फिरविला तरी ती सरळ होत नाही. मग तिच्यावर घातलेला प्रत्येक रुपया श्रुती-हार्मोनियमच्या वाटेने जातो. आपल्या किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तर नामांकित वाद्याच्या लाकडालाही सोडत नाही. तारांना गंज चढतो तो किंमत पाहून चढत नाही.

म्हणून धर्मग्रामाने वाद्य घेताना आधी नाव न पाहता मान पाहावी. मान सरळ असेल, तर स्वस्त वाद्य घ्यावे आणि उरलेला पैसा जाणत्या कारागिराच्या हाती द्यावा. मान वाकडी असेल, तर सुधारणेचा मोह सोडून थांबावे आणि चांगले वापरलेले अस्सल वाद्य शोधावे. मात्र एवढ्या मोलाचे वाद्य कपाटात कुलूपबंद राहणार असेल आणि मुलांच्या हाती लागणार नसेल, तर त्याच्या अस्सलपणाचा गायकवृंदाला काय उपयोग? मिरजेचा तंबोरा आणि कलकत्त्याची पेटी अस्सल ठरली ती अनेक हातांनी त्यांवर रोज मेहनत केली म्हणून. आपल्या मुलांच्या हातीही तसेच रोज वाजणारे वाद्य असावे.