‘एका’ : पुण्याचा महासंगणक आणि चार गाभ्यांचे गुपित

नोव्हेंबर २००७. जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत पुण्याचा ‘एका’ चौथा आला, आशियात पहिला. पिंपरीत ट्रक घडवणाऱ्या टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या कंपनीने तो उभारला होता.

त्याच्या पोटात मात्र कोणतेही अद्भुत यंत्र नव्हते. होते ते ३ गिगाहर्ट्झचे, चार गाभ्यांचे, म्हणजे क्वाड-कोअर, इंटेल झिऑन प्रोसेसर. त्यांचाच भाऊबंद कोअर २ एक्स्ट्रीम क्यूएक्स६८५० त्याच वर्षी हौशी मंडळींच्या मेजावर पोहोचला. दोहोंची घडण ६५ नॅनोमीटरची, कॅश ८ मेगाबाइट, बस १३३३ मेगाहर्ट्झची.

‘चार गाभे’ हे शब्द जपून वाचावेत. आत दोन-दोन गाभ्यांच्या दोन सिलिकॉन चकत्या शेजारी बसवलेल्या असत. कॅशही प्रत्येकीची वेगळी, ४ मेगाबाइट. एकीला दुसरीशी बोलायचे तर बाहेरच्या बसवर यावे लागे. मेमरीकडे जाणारी वाटही तीच, सेकंदाला सुमारे १०.६ गिगाबाइटची, चौघांत मिळून!

‘एका’मध्ये असे १४,२४० गाभे. प्रत्येक गाभा घड्याळाच्या एका ठोक्याला चार गणिती क्रिया करू शके. गुणाकार केला की कागदावरचा वेग निघतो १७०.८८ टेराफ्लॉप. चाचणीत प्रत्यक्ष मिळाला ११७.९, म्हणजे ६९ टक्के. हजारो प्रोसेसरांना एकमेकांची वाट पाहावी लागते, तिथे असा वेग गळतोच. यादीतला क्रमांक ठरला तो या दुसऱ्या आकड्यावर.

पुढच्याच नोव्हेंबरात आलेल्या कोअर आय७ मध्ये इंटेलने चारही गाभे एकाच चकतीवर आणले आणि ती जुनी बस मोडीत काढली. एएमडीने हे आधीच केले होते.