आवाज फुटायच्या आधी

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत ‘ललितकलादर्श’ नावाची नवी नाटक कंपनी उभी राहिली. तिचा मुख्य गायक नट आणि मालक एकच होता, केशवराव भोसले. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०चा. म्हणजे मालकांना साडेसतरा वर्षंही पुरी झाली नव्हती. रंगभूमीवर मात्र त्यांची दहा वर्षांहून जास्त उमेदवारी झालेली होती.

वडील गेले, घरात खाण्यापिण्याची भ्रांत पडली, तेव्हा आईने केशव आणि त्याचा भाऊ दत्तू यांना जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत ठेवलं. पोराच्या हातात पाटी-पेन्सिल यायची त्या वयात तोंडाला रंग आला. पुढे याच कंपनीत देवलांच्या ‘शारदा’ नाटकातली शारदा त्याने गाजवली. पैशांसाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या अल्पवयीन मुलीचं हे नाटक. ती मुलगी रंगमंचावर उभी करत होता एक अल्पवयीन मुलगा, ज्याला घरच्या गरिबीने कंपनीच्या दारात आणून सोडलं होतं. त्याचं गाणं ऐकताना प्रेक्षक शारदेसाठी हळहळत. गाणाऱ्या पोराचं काय चाललंय, हा प्रश्न मात्र कुणाला पडल्याचं दिसत नाही.

संगीत नाटकाच्या सुवर्णकाळावर आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं आहे. पण हा सगळा डोलारा ज्या खांद्यांवर उभा होता, त्यांतले बरेचसे खांदे कोवळे होते. स्त्रिया सहसा रंगमंचावर येत नसत, म्हणून नायिकेसाठी गोड गळ्याचा, नाजूक चेहऱ्याचा मुलगा लागे. असा मुलगा हीच कंपनीची खरी दौलत. पडदे जळाले तर नवे रंगवता येत, पण मुलाचा आवाज फुटला की नायिकाच गेली.

हे भास्करबुवा बखल्यांनी सोसलं होतं. ‘देवगंधर्व’ म्हणून पुढे नावाजलेले हे गवई मुळात किर्लोस्कर मंडळीतले बालनट. ‘रामराज्यवियोग’मध्ये ते कैकेयी करत. इंदूरच्या मुक्कामात बीनकार बंदे अली खाँसाहेबांसारखा जाणकार त्यांच्या आवाजावर लुब्ध झाला. पण वयात येताना आवाज फुटला आणि कंपनीतली किंमत उतरली. बखल्यांनी कंपनी सोडली, उस्तादांची दारं धरली आणि वर्षानुवर्षं घासून दुसरा, पुरुषी आवाज कमावला. त्यांच्याइतकी जिद्द आणि त्यांच्यासारखे गुरू किती पोरांच्या वाट्याला आले असतील? नावं राहतात ती टिकलेल्यांची. आवाज गेल्यावर घरी परतलेल्या मुलांची नोंद नटांच्या आत्मचरित्रांत क्वचितच सापडते.

नारायण श्रीपाद राजहंस हा टिकलेल्यांतला सर्वांत भाग्यवान मुलगा. कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी शाहू महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन रुग्णालयात पाठवलं. मिरजेतच किर्लोस्कर मंडळीशी गाठ पडली आणि १९०५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो शकुंतला म्हणून उभा राहिला. ‘बालगंधर्व’ हे नाव त्याला त्याआधीच टिळकांकडून मिळालं होतं. त्याचा आवाज वयाबरोबर तुटला नाही, उलट पिकत गेला, आणि पन्नाशीनंतरही तो नायिका करत राहिला. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांना घेऊन त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा ते पंचविशीत होते.

बालगंधर्व बाहेर पडल्यावर किर्लोस्कर मंडळी नव्या गळ्याच्या शोधात होती. गोव्यातल्या मंगेशीचा दीनानाथ साधारण चौदाव्या वर्षी तिच्यात आला. उर्दू ‘ताज-ए-वफा’तल्या त्याच्या कामाने त्याचं नाव झालं. आवाज धारदार, तान विजेसारखी, आणि बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीपासून पूर्ण वेगळी. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर दीनानाथांनी किर्लोस्कर सोडली आणि बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. जन्म २९ डिसेंबर १९००चा, म्हणजे इथेही भागीदार मालकाचं वय सतरा.

केशवराव सतराव्या वर्षी, दीनानाथ सतराव्या वर्षी. याला केवळ महत्त्वाकांक्षा म्हणता येणार नाही. जो मुलगा तिकीटबारी भरतो त्याला मालकाच्या ताटातला वाटा मिळत नाही, हे या मुलांनी आतून पाहिलं होतं. आपल्या गळ्यावर आपला हक्क सांगायचा, तर स्वतः मालक होण्यावाचून वाट नव्हती.

कंपनीत राहणं म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन जगणं. गावात मुक्काम पडला की एक मोठं घर भाड्याने घ्यायचं, एका पंगतीत जेवायचं, सकाळी गाण्याची तालीम, दुपारी संवादांची. खेळ रात्री उशिरा सुरू होई आणि ‘वन्स मोअर’च्या गजरात पहाटेपर्यंत रेंगाळे. एकेक पद तीनतीनदा गायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीला बसायचं. मुंबईचा मुक्काम हलला की पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या ट्रंका, पायपेटी, स्वयंपाकाची भांडी असा सगळा बारदाना रेल्वेत चढे. कल्याणहून गाडी अंबरनाथ, बदलापूर, कर्जत मागे टाकत बोरघाटाला लागे. घाटाखालचा हा मार्ग १८५६ पासूनचा, बोरघाट गाडीला खुला झाला १८६३ मध्ये, आणि पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. मुंबई, पुणे, सोलापूर, हुबळी, इंदूर, बडोदा असं चक्र कंपन्यांना परवडलं ते रुळांमुळे. तालमीने दमलेली पोरं याच पट्ट्यातून झोपेत गेली असतील.

याच पट्ट्यातलं, कल्याण आणि अंबरनाथच्या मधलं उल्हासनगर तेव्हा नव्हतंच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळालं. येताना त्यांनी ‘भगत’ आणला. गाणं, नाच आणि कथा यांनी रात्र जागवत गावोगाव फिरणाऱ्या मंडळींची ही परंपरा. उल्हासनगरात ज्यांच्या तसबिरीला आजही हार पडतो ते भगत कंवरराम संत सतरामदासांच्या पायाशी बसून आणि त्यांच्याबरोबर हिंडूनच गाणं शिकले होते. घाटावरचा मराठी पोरगा आणि सिंधू काठचा सिंधी पोरगा, दोघांची शाळा चालती-फिरती होती. फरक हा की भगताच्या मंडळीत गुरू होता, आणि कंपनीत गुरूच्या डोक्यावर मालक.

सरकार या सगळ्यापासून लांब होतं असं नाही. १८७६चा नाट्यप्रयोग कायदा नाटकातला राजद्रोह हुडकायला होता. १८८१च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी केली, मोठ्या मुलांचे तास बांधून दिले. पण नाटक कंपनी कारखाना नव्हती. रात्री दोन वाजता गाणारा बारा वर्षांचा मुलगा कुठल्याच कलमात बसत नव्हता. १९६० च्या नोव्हेंबरात हॅम्बुर्गच्या पोलिसांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला परत इंग्लंडला धाडलं, कारण अठरा पुरे नसलेल्याला रात्री उशिरा क्लबात वाजवता येत नव्हतं. त्याचंही वय सतराच. त्या वयात केशवराव दुसऱ्यांचे पगार करत होते.

मुलींची वाट याहून अरुंद होती. कमलाबाई गोखले लहानपणापासून आईबरोबर, दुर्गाबाईंबरोबर, नाटकांत हिंडल्या. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या पडद्यावर आल्या. बड्या कंपन्यांच्या नायिका मात्र तेव्हाही मुलगेच होते.

या पिढीने स्वतःच्या कष्टांचं काय केलं, हे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दिसलं. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ केलं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. सर्वांत महाग तिकीट शंभर रुपयांचं होतं. कोवळ्या वयात कंपनीने घेतलेले दोन मुलगे आता आपापल्या मर्जीने, देशासाठी, एका मंचावर गात होते. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. चटका लावणारी गोष्ट ही की इतक्या लहान आयुष्यातली पंचवीसेक वर्षं त्यांनी रंगमंचावर काढली. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत सापडलं.

बोलपटांनी कंपन्या मोडल्या, पण वाद्यं घेऊन हिंडणारी पोरं संपली नाहीत. अंबरनाथ-बदलापूरच्या आगरी गावांत हळदीच्या रात्री आणि भाद्रपदात बेंजो पार्टी वाजते. हा बेंजो अमेरिकन बँजोचा नातेवाईक नव्हे. १९१२ मध्ये जपानात, नागोयाच्या मोरिता गोरोने टाइपरायटरसारख्या कळा लावून तायशोगोतो नावाचं तारवाद्य बनवलं. समुद्रमार्गे ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं, आणि आपल्याकडे त्याला पिकअप आणि अॅम्प्लिफायर जोडल्यावर त्याला गिटारसारखी धार आली. डावी बोटं कळांवर पळतात, उजव्या हातातली पट्टी तारा छेडते, शेजारी ऑक्टोपॅड आणि ढोल. या मंडळींत मिसरूड न फुटलेली मुलंही असतात. टेम्पोत बसून एका गावची हळद उरकायची आणि दुसऱ्या गावच्या मिरवणुकीला पोचायचं.

बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्या नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही आणि त्याच्या कमाईतला निदान वीस टक्के हिस्सा त्याच्याच नावाने बँकेत ठेवावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी असा नियम असता तर कदाचित केशवरावांना सतराव्या वर्षी कंपनी काढायची घाई करावी लागली नसती. चौदा ते अठरा या वयातल्या मुलांना मात्र बालकलाकारांचे हे नियम लागू होत नाहीत. पंधरा वर्षांचा बेंजोवाला रात्री किती तास वाजवतो आणि सुपारीतला त्याचा वाटा किती, हे आजही पार्टीचा मालकच ठरवतो.