अंदाजपंचे दाहोदरसे : डबलस्पेसची गोष्ट

मंडळी, आज ५१२ जीबीची डिस्क भरली तरी आपण कुरकुरतो. १९९३ साली घरच्या पीसीत शंभरेक एमबीची हार्ड डिस्क असली तरी भाव खाता यायचा. त्यामुळे त्या वर्षी मार्चमध्ये आलेल्या एमएस-डॉस ६.० सोबत 'डबलस्पेस' मिळतंय म्हटल्यावर लोकांच्या उड्या पडल्या नसत्या तरच नवल. प्रॉम्प्टवर 'डीबीएलस्पेस /कॉम्प्रेस सी:' टाइप करायचं, निवांत चहा घ्यायचा (दोन-चार कप तरी!), आणि येऊन बघावं तर डिस्क जवळजवळ दुप्पट.

आता हा दुप्पटचा आकडा यायचा कुठून? खरी गंमत इथेच आहे.

डबलस्पेस काय करायचं, तर अख्ख्या सी: मधलं सामान दाबून एकाच अगडबंब, लपवलेल्या फाइलमध्ये भरायचं. तिचं नाव डीबीएलस्पेस.०००. बूट होताना एक ड्रायव्हर असा पडदा टाकायचा की डॉसला ती फाइल म्हणजेच सी: ड्राइव्ह वाटे. आत ८ केबीचा एकेक तुकडा दाबून ५१२ बाइटच्या सेक्टरांत बसवला जाई. कमीत कमी एक सेक्टर, जास्तीत जास्त सोळा. टेक्स्ट फाइल मस्त दबायची. झिप फाइल मात्र आधीच दाबलेली, तिच्यातून आणखी काय निघणार? आडातच नाही तर...

मग मोकळी जागा किती सांगायची? जी फाइल अजून आलेलीच नाही ती किती दबेल हे कोणाला ठाऊक? म्हणून डबलस्पेस सरळ अंदाज ठोकायचं : दोनास एक. बाजारात तुरी! आणि हा अंदाज बदलायला चक्क एक स्विच होता. 'डीबीएलस्पेस /रेशो=४ डी:' म्हटलं की डीआयआर तीच मोकळी जागा चौपट करून सांगे. अगदी १६ पर्यंत चालायचं (८ केबी भागिले ५१२ बाइट, करा हिशोब). डिस्कवर एक बाइटही हलायचा नाही, फक्त डीआयआरचं बोलणं बदलायचं. २० एमबी मोकळे आहेत म्हणून झिप फाइली कॉपी करायला घ्याव्यात आणि १० एमबीवरच 'डिस्क फुल'. खरं प्रमाण बघायला 'डीआयआर /सी' होतं, पण तेही आत असलेल्या फाइलींचं. येणाऱ्यांचं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण सगळा संसार एका फाइलीत, आणि स्मार्टड्राइव्ह लिहिण्याचं काम मागे ठेवून प्रॉम्प्ट आधीच परत देणार. तेवढ्यात कोणी पीसी बंद केला की संपलं. डेटा गेल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. वर ६.० मध्ये परतीची वाटच नव्हती : कॉम्प्रेस होतं, अनकॉम्प्रेस नव्हतं! ते नोव्हेंबर १९९३ च्या ६.२ मध्ये आलं, स्कॅनडिस्कसोबत. माझ्या मते एवढी एक चूक सोडली तर बाकीचं माफ करता येईल.

दरम्यान स्टॅकर बनवणारी कॅलिफोर्नियाची स्टॅक ही छोटी कंपनी कोर्टात गेली होती. मायक्रोसॉफ्टशी तिची लायसन्सची बोलणी फिसकटली होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्युरीने पेटंटभंगाबद्दल १२ कोटी डॉलर ठोठावले. पण स्टॅकही सोवळी सुटली नाही. डॉसमधली कागदावर न आलेली प्रीलोडची सोय उलगडून वापरल्याबद्दल तिलाही १ कोटी ३६ लाखांचा फटका. डबलस्पेस काढून ६.२१ आली, जूनमध्ये समझोता झाला, आणि ६.२२ मध्ये वेगळ्या अल्गोरिदमचं ड्राइव्हस्पेस आलं. असो.

१९९५ च्या विंडोज एनटी ३.५१ ने मात्र ही सगळी मांडणीच मोडली. एनटीएफएसमध्ये एक मोठी फाइल नाही, पडदा नाही. प्रत्येक फाइल वेगळी, १६ क्लस्टरांच्या तुकड्यांत दाबलेली. एखाद्या तुकड्यात क्लस्टरभरही वाचत नसेल तर तो तसाच ठेवायचा. मोकळ्या जागेचा आकडा? डिस्कवर खरोखर रिकाम्या असलेल्या क्लस्टरांचा, बास. कमांड 'कॉम्पॅक्ट', आणि नुसती चालवली तर ती प्रत्येक फाइलीचे मूळ बाइट, डिस्कवरचे बाइट आणि प्रमाण शेजारी शेजारी छापते. '/सी' ने दाबा, '/यू' ने सोडा. आजच्या विंडोजमध्येही आहे, कमांड प्रॉम्प्ट उघडून एखाद्या लॉगच्या फोल्डरवर चालवून बघा. नंतर फोटोंच्या फोल्डरवर.