हायड्रोमीटरचा पूर्वेतिहास

मोटारीची बॅटरी तपासणीसाठी आली म्हणजे जाणता कारागीर प्रथम तिची बुचे काढतो, रबरी फुगा दाबून एकेका सेलातील अ‍ॅसिड काचेच्या नळीत ओढून घेतो, आणि नळीत तरंगणारा दांडा ज्या रेघेवर स्थिरावेल ती वाचून ‘ग्रॅव्हिटी बाराशे चाळीस’, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.२४०, असा निवाडा देतो. हे हायड्रोमीटर दिसावयास क्षुद्र असले तरी त्याच्यामागे दीड सहस्र वर्षांची परंपरा आहे. आणि अचूक उपकरण कोणते याचा निर्णय ज्याला करावयाचा असेल, त्याने ती परंपरा एकदा नजरेखालून घालावी असे मला मनापासून वाटते.

पाचव्या शतकाच्या आरंभी सिनेसियस या ग्रीक विद्वानाने आपली गुरू, अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, हिला धाडलेल्या पत्रात आपल्या दुर्दशेचा उल्लेख करून एक जलमापक घडवून देण्याची विनंती केली आहे: बासरीएवढी नळी, तिच्या अंगावर उभ्या रेषेत खाचा, आणि ती पाण्यात ताठ राहावी म्हणून बुडाशी शंकूच्या आकाराचे वजन. आजच्या उपकरणाची सारी अंगे या वर्णनात आहेत. द्रव जड असेल तर दांडा वर राहतो, हलका असेल तर खाली उतरतो. आर्किमिडीजच्या सिद्धांताचेच हे उपयोजन होय. पुढे १६७५ मध्ये रॉबर्ट बॉइलने याच तत्त्वावर खोटी नाणी ओळखण्याचे साधन मांडले.

तथापि या उपकरणाला खरा काटेकोरपणा आणला तो सरकारी महसुलाने. मद्यावरील कर त्याच्या तीव्रतेनुसार आकारावयाचा, तर ती तीव्रता वादातीत ठरली पाहिजे, या निकडीतून ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ च्या कायद्याने बार्थोलोम्यू साइक्सचे धातूचे हायड्रोमीटर प्रमाण ठरविले. आणि त्याच्या जोडीला उष्णतामापक व कोष्टके आली, कारण तोच द्रव तापला की प्रसरण पावून हलका होतो, हे जकात वसूल करणाऱ्याला विसरून चालणार नव्हते. आपल्या मुंबई इलाख्यातील अबकारी खात्यातही दारूची तीव्रता साइक्सच्या हायड्रोमीटरवर आधारलेल्या ‘प्रूफ’ मापाने मोजली जात असे.

अ‍ॅसिडाच्या व्यापारात मात्र मापांची बेबंदशाही होती. फ्रान्समध्ये आंत्वान बोमेने १७६८ मध्ये आपली मापनश्रेणी आखली, ग्लासगोच्या ट्वॅडलची निराळी. त्यामुळे जे गंधकाम्ल आज आपण १.२५० म्हणू, ते बोमेच्या श्रेणीत सुमारे २९ अंश, तर ट्वॅडलच्या श्रेणीत ५० अंश ठरे.

१८५९ मध्ये गास्तों प्लांतेने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारित करता येणारी विद्युत्घटमाला सिद्ध केली आणि १८८१ मध्ये कामिय फोरने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिला व्यवहारोपयोगी केले, तेव्हा या जुन्या उपकरणाला नवे कार्यक्षेत्र लाभले. ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी १८८२ मध्ये दाखवून दिले की बॅटरी उतरताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट साचते. म्हणजे अ‍ॅसिड खर्ची पडते आणि पाणी निर्माण होते. पूर्ण भारित सेलात सुमारे १.२८० असणारा आकडा पूर्ण उतरलेल्या सेलात १.१२० च्या आसपास येतो. एवढ्याशा पल्ल्यात सारा हिशेब असल्यामुळे ०.०१० ची चूकदेखील नगण्य नव्हे.

म्हणूनच निवड करताना साइक्सचा धडा स्मरावा: ज्याची श्रेणी एकाच कामासाठी आखलेली असते आणि ज्याच्या सोबत उष्णतामापक असतो, ते साधन विश्वासार्ह. रंगीत गोळ्यांचे स्वस्त परीक्षक बॅटरी बरी की वाईट एवढेच सांगतात. एर्न्स्ट अबेने विकसित केलेल्या अपवर्तनमापकाच्या तत्त्वावरील हातातले साधन थेंबभर अ‍ॅसिडावर उत्तर देते आणि सेलात पाणी कमी असता फार उपयोगी पडते. मात्र त्यात रेडिएटरच्या द्रवाचीही पट्टी कोंबलेली असल्यास बॅटरीच्या रेघा दाटीवाटीने येतात. काचेच्या हायड्रोमीटरवर १.१०० ते १.३०० इतकाच पल्ला असल्यास रेघा मोकळ्या व सुवाच्य राहतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात ४२ अंश सेल्सिअसला १.२४० आलेला आकडा, दर अंशाला ०.०००७ मिळवून २७ अंशांवर आणला, की १.२५० होतो, ही दुरुस्ती न करणारा मनुष्य चांगल्या बॅटरीला दोष देऊन मोकळा होतो.

दांडा नळीच्या भिंतीला चिकटू देऊ नये, नजर द्रवाच्या पातळीशी समांतर ठेवावी, आणि पाणी नुकतेच घातले असेल तर चार्जिंग होऊन ते अ‍ॅसिडात मिसळेपर्यंत मोजू नये. प्रत्येक सेलाचा आकडा वहीत स्वतंत्र लिहावा. कारण एखादा सेल इतरांहून ०.०५० ने मागे पडला असेल, तर व्होल्टमापक सबंध बॅटरीचा एकच आकडा दाखवून जो दोष झाकतो, तो सहा सेलांच्या या सहा ओळींच्या नोंदीत ताबडतोब उघडा पडतो.