भोकरदन म्हणजे नेमकं कोणतं?

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीपासून सुरू होतो.

मी सॉफ्टवेअरवाला. मोसंबीच्या वाहतुकीसाठी आमच्या टीमने एक छोटं ॲप केलं होतं. गावाचं नाव टाका, टेम्पो येईल. मी कोडमध्ये गाव फक्त नावावरून जुळवलं. एका सकाळी टेम्पो पिंपळगावला पोचला, पण भलत्याच. माल दिवसभर उन्हात पडून राहिला. काका फोनवर एवढंच म्हणाले, "अरे बाबा, पिंपळगाव कोणतं, हे विचारलंस का?"

भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे, नाशिकमध्ये पिंपळगाव बसवंत, बुलढाण्यात पिंपळगाव राजा, जळगावात पिंपळगाव हरेश्वर. जिथे पिंपळ, तिथे पिंपळगाव! म्हणून तर आपल्याकडे नावाला शेपूट लावतात: देवाचं, माणसाचं, नाहीतर बुद्रुक-खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आले. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं.

आता चला 1803 मध्ये. स्थळ आपलाच जालना जिल्हा. 21 सप्टेंबरला बदनापूरजवळ कंपनीचे दोन सेनापती भेटतात, आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन. बेत असा, की दोघांनी वेगवेगळ्या वाटेने जायचं आणि 24 तारखेला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर एकत्र तुटून पडायचं. हरकाऱ्यांची खबर होती, फौज भोकरदनला आहे.

खबर खोटी नव्हती. पण भोकरदन हे गावाचं नाव होतं आणि आजूबाजूच्या परगण्याचंही. फौजेची उजवी बाजू भोकरदनजवळ होती. डावीकडचं पायदळ आणि तोफा मात्र सहा-आठ मैलांवर असईला. वेलस्लीने हा घोळ नंतर थॉमस मन्रोला पत्रात सांगितलाय. त्याच्या हिशोबाने शत्रू दूर होता, आणि 23 तारखेला तो एकदम समोरच निघाला. स्टीव्हन्सन अजून आलेला नव्हता. वेलस्लीने थांबायचं नाही असं ठरवलं.

मध्ये केळना नदी. वाटाड्ये म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एकाचं नाव वरूड, आणि दुसऱ्याचं? बरोबर, पिंपळगाव! एवढी जवळची गावं म्हणजे लोकांची ये-जा असणारच, असं त्याने ताडलं. उतार सापडला.

केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांत आपल्याच देशातले शिपाई खूप होते. मराठ्यांच्या बाजूनेही शेकडो माणसं गेली. हे सगळं एका नावामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण लढाई त्या दिवशी, तशी अर्ध्या तयारीने झाली, त्यात त्या नावाचा हात होता.

नावांच्या या गोंधळावर उपाय निघाला तो बराच उशिरा. 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. सारखी नावं, वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळी स्पेलिंग, त्यामुळे पत्रं भरकटायची. सहा आकड्यांनी ते बरंच आवरलं. जालना शहर 431203, पिंपळगाव बसवंत 422209. पण एका पिनखाली अनेक गावं येतात. 2011 च्या जनगणनेत मात्र प्रत्येक गावाचा वेगळा सहा आकडी कोड आहे.

मी ॲपमध्ये आता तोच कोड वापरतो. शिवाय बुकिंग पक्कं करण्याआधी स्क्रीनवर तालुका आणि जिल्हा दाखवून एक प्रश्न विचारतो: "हेच ना?" काकांचाच प्रश्न आहे तो.

भोकरदन आजही शहर आहे, तालुका आहे आणि विधानसभा मतदारसंघही. तेव्हा कुणी म्हणालं "भोकरदनला ये", तर निघण्याआधी विचारा, कोणत्या?

तुमच्या गावाच्या नावाची किती गावं आहेत? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!