लोकसंकेत आणि मत्थलुंग

नवा शब्द प्रथम कानी पडतो तेव्हा तो केवळ ध्वनी असतो. पुढे त्याच ध्वनीतून अर्थ उमगू लागतो. हे कसे घडते याचा विचार अभिधम्माच्या आचार्यांनी केला आणि आज मेंदूचे अभ्यासकही करीत आहेत. या दोहोंचा मेळ घालताना 'आमच्या ग्रंथांत हे सारे आधीच आहे' असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात तथ्य किती, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मिलिंदपञ्हात नागसेन स्थविर आपले नाव ही केवळ पञ्ञत्ति, केवळ व्यवहार असल्याचे राजास सांगतात. हाच विचार अनुरुद्धाचार्यांच्या अभिधम्मत्थसंगहात सूक्ष्म झाला आहे. धर्मानंद कोसंबींनी ज्यावर पालीत 'नवनीतटीका' लिहिली, तोच हा ग्रंथ. त्यानुसार शब्द आधी श्रोत्रविज्ञानाच्या वीथीत येतो; त्यानंतर मनोद्वारात नाम ग्रहण होते आणि मग अर्थ कळतो. हे नाम लोकसंकेताने निर्माण झालेले असते. टीकाकार येथे एक अट घालतात: अमुक नाम अमुक अर्थाचे, हा संकेत ऐकणाऱ्याने पूर्वीच ग्रहण केलेला असला पाहिजे.

ही अट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्माराच्या उपचारार्थ शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंकडील हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग व त्यालगतचा काही भाग काढून टाकण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते बोलत होते, जुने शब्द जाणत होते. परंतु १९५३ नंतर भाषेत रूढ झालेले शब्द त्यांना जवळजवळ आत्मसात करता आले नाहीत. पूर्वगृहीत संकेत शाबूत राहिला, नवा संकेत ग्रहण करणे मात्र खुंटले. १९९५ साली मॅक्लेलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार हिप्पोकॅम्पस नवी जोडणी त्वरित टिपून ठेवतो, तर मेंदूचे बाह्यपटल ती पुनरावृत्तीने हळूहळू आपलीशी करते. या कामी निद्रेचेही साहाय्य होते, असे पुढील प्रयोगांत दिसून आले.

मग हे सारे आचार्यांना ठाऊक होते काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. अट्ठकथांनी मनाचा आश्रय हृदयवस्तूत मानला. मेंदू, म्हणजे मत्थलुंग, त्यांना माहीत होता. पण तो बत्तीस आकारांतील एक अशुभ भाग म्हणून, ज्ञानाचे स्थान म्हणून नव्हे. अर्थ कळणे आणि संकेत ग्रहण करणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ओळखल्या, हे त्यांचे श्रेय. संकेत शरीरात कसा रुजतो, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. जे त्यांनी सांगितले नाही ते त्यांच्या पदरी घालण्याने त्यांचा गौरव होत नाही. उलट त्यांनी खरोखर काय पाहिले, तेच झाकले जाते.

'वेरमणी' हा शब्द आज घरोघरी वंदनेत उच्चारला जातो. 'विरत राहणे' हा त्याचा संकेत ज्याने ग्रहण केला नाही, त्याच्यापाशी तो श्रोत्रवीथीतच थांबतो. तो एकदा समजावून देणे आणि व्यवहारात पुनःपुन्हा योजणे, ही दोन्ही कामे शिकविणाऱ्याचीच आहेत.