एक बाजू मुकी होते तेव्हा

१९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले तेव्हा बुलडाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्या काळी गावात रेडिओ असलाच तर एखाद्या सधन घरी किंवा शाळेत. त्याचा कर्णा एक आणि आवाजही एक. पुढे १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत रेडिओ श्रोता मंडळे भरवली. त्या मंडळांपुढेही एकाच कर्ण्याचा संच असे. तो बंद पडला म्हणजे सगळेच बंद, मग दुरुस्तीवाल्याची वाट पाहत बसायचे.

आज अमडापूरसारख्या गावातल्या घरात कपाटाच्या दोन टोकांना दोन स्पीकर दिसतात. हा स्टिरिओ संच. त्याचा आजार मात्र निराळा. तो पुरता मरत नाही, त्याची एक बाजू मुकी होते. डावीकडून पेटी ऐकू येते, पण उजवीकडे तबलाच नाही. घरची मंडळी म्हणतात, “कॅसेट खराब झाली,” आणि आजोबांच्या वेळची हरिपाठाची कॅसेट कचऱ्यात जाते. नाहीतर एखादा सांगतो, “नवाच घ्या,” आणि पिकाचे पैसे त्यात जातात. पुष्कळदा दोष एका तुटक्या वायरीचा असतो. तो कसा शोधायचा ते सांगण्यापूर्वी आवाजाला दोन बाजू आल्या कशा, तो इतिहास थोडक्यात पाहू. कारण दोष शोधण्याची युक्ती त्या इतिहासातच दडलेली आहे.

माणसाला कान दोन का? बैल उजवीकडून हंबरला की आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो आणि डाव्या कानात किंचित उशिरा. हा फरक फार तर एका सेकंदाचा दीड हजारावा भाग. शिवाय मध्ये डोके आडवे येते, म्हणून पलीकडच्या कानाला बारीक आवाज जरा मंद लागतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. इंग्लंडमधले पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे नीट मांडले.

तत्पूर्वीच, १८८१ साली, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या फ्रेंच माणसाने एक गंमत करून दाखवली होती. ऑपेराच्या रंगमंचावर त्याने ओळीने ध्वनिग्राहक मांडले आणि तारांनी प्रदर्शनापर्यंत गाणे आणले. ऐकणाऱ्याने दोन्ही कानांना एकेक श्रवणयंत्र लावायचे. गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला की ऐकणाऱ्याला तो सरकल्याचे कळे. लोक थक्क झाले.

खरे काम केले ते ॲलन ब्लमलाईन या इंग्रज अभियंत्याने. सांगतात ते असे, की पत्नीबरोबर बोलपट पाहताना त्याला खटकले. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडूनच! १९३१ च्या डिसेंबरात त्याने आपल्या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ध्वनिमुद्रिकेच्या एकाच खाचेत दोन आवाज कसे मावतील, याची युक्ती त्यात होती. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी, तिच्या एका भिंतीवर डावा आवाज आणि दुसऱ्या भिंतीवर उजवा. सुई एकच, पण ती दोन्ही भिंतींची हालचाल वेगवेगळी सांगते. आपल्या नांगराच्या तासाला दोन काठ असतात, तसेच हे समजा.

पण शोध लागला आणि लगेच घराघरांत पोहोचला असे झाले नाही. तेव्हाच्या लाखेच्या तबकड्या खरबरीत होत्या आणि जगभर मंदी होती. ब्लमलाईनला आपल्या शोधाचा प्रसार पाहायला मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या जूनमध्ये, रडारची चाचणी घेत असताना विमान कोसळून तो गेला. वय अवघे अडतीस. १९४८ साली गुळगुळीत, जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि १९५७–५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. १९६१ साली अमेरिकेने एफएम रेडिओवर स्टिरिओ प्रक्षेपणाला परवानगी दिली. १९६३ साली फिलिप्सने छोटी कॅसेट काढली. आपल्याकडे १९७५ चा ‘शोले’ मोठ्या पडद्यावर स्टिरिओ ध्वनीसह आला आणि १९८० नंतर कॅसेटींचा पूर लोटला. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीते, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ खेडोपाडी पोहोचला तो या कॅसेटीतून.

आता यातले मर्म पाहा. स्टिरिओ म्हणजे शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन सारख्या वाटा. कॅसेटच्या यंत्रापासून वायर, वायरीपासून ॲम्प्लिफायर, तिथून पुन्हा वायर आणि शेवटी स्पीकर. डाव्या वाटेवर जे जे आहे ते ते उजव्या वाटेवरही आहे. जुन्या एकट्या कर्ण्याला ताडून पाहायला जोडीदार नव्हता. इथे चांगली बाजू हीच वाईट बाजूची साक्षीदार. दोहोंतली एकेक वस्तू अदलून पाहायची आणि मुकेपणा कुठे जातो ते बघायचे. एका वेळी एकच बदल करायचा, हा या कामाचा कायदा. दोन बदल एकदम केले तर काही कळणार नाही.

समजा, डावी बाजू मुकी आहे. प्रथम बॅलन्सचे बटण मधोमध आहे ना ते पाहा. पुष्कळदा पोरांनी ते फिरवलेले असते. मग संच बंद करा, प्लग काढा. ॲम्प्लिफायरच्या मागे स्पीकरच्या दोन जोड्या लावलेल्या असतात, त्यांची अदलाबदल करा आणि आवाज अगदी लहान ठेवून संच सुरू करा. अजूनही डावाच स्पीकर मुका असेल तर दोष त्या स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. आता उजवा मुका झाला असेल तर स्पीकर निर्दोष, दोष त्याच्या मागे कुठेतरी.

दुसरी पायरी. स्पीकर पूर्ववत लावा आणि कॅसेटच्या यंत्राकडून ॲम्प्लिफायरमध्ये येणाऱ्या दोन पिना अदला. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर ॲम्प्लिफायर निर्दोष, जागचा हलला नाही तर दोष त्याचाच. तिसरी पायरी. मुकेपणा हलला असेल तर त्या पिना परत जागेवर लावून वायरीचे दुसरे टोक, म्हणजे यंत्राकडचे, अदला. मुकेपणा हलला तर दोष यंत्राचा, जागीच राहिला तर वायरीचा. प्रत्येक वेळी संच बंद करूनच हात लावायचा. स्पीकरच्या दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर ॲम्प्लिफायर जळतो, हे विसरू नका.

एक इशारा. मुक्या बाजूला मोठी घरघर येत असेल किंवा जळका वास येत असेल तर अदलाबदल करू नका. चांगला स्पीकरही हकनाक जाईल. आणि पेटी उघडू नका. वीज काढल्यानंतरही आत साठलेली वीज झटका देते. तिथून पुढचे काम जाणत्या माणसाचे.

दोष यंत्राचा निघाला तर बहुधा कॅसेटच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, मळ बसलेला असतो. कापसाच्या बोळ्याला स्वच्छ स्पिरिट लावून तो हलक्या हाताने पुसा. रॉकेल, पेट्रोल नको. फितीची रुंदी चार मिलिमीटरही नसते, आणि तेवढ्यात दोन्ही पाठींचे मिळून चार पट्टे. मळाचा एक कण एक पट्टा झाकायला पुरतो. तेव्हा कॅसेट टाकण्याआधी हेड पुसा.

कधी दोन्ही स्पीकर वाजतात, तरी गायकाचा गळा पातळ लागतो आणि ढोलकीचा घुमार हरवतो. अशा वेळी एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागलेल्या असतात. एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि मधोमध असलेला आवाज खाल्ला जातो. तारा सुलट्या केल्या की गळा परत येतो. एफएमवर खरखर येत असेल आणि केंद्र दूर असेल तर स्टिरिओऐवजी एकेरी आवाजाचे, मोनोचे, बटण दाबा. दोन बाजूंमधला फरक वेगळ्या लहरीवर येतो आणि दूरवर तोच आधी दुबळा होतो. एकेरी आवाजात खरखर बरीच कमी होते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या संचावर मुलांकडून ही अदलाबदल एकदा करवून घ्या. तारा तुम्ही लावा, तर्क मुलांना करू द्या. “मुकेपणा इकडे गेला, मग दोषी कोण?” एवढे विचारा. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही विज्ञानाची पद्धत अशी शिकवता येते.

आणि घरोघरच्या मंडळींना एकच सांगणे. जुन्या कॅसेटीत कुणाच्या आजीची ओवी असेल, कुणाच्या वडिलांचे भजन असेल. बाजारात तसली दुसरी मिळत नाही. एक बाजू मुकी झाली म्हणून त्या आवाजाला लगेच मेला म्हणू नका. आधी वायर अदलून पाहा.